बस्त्यावचं सहावं बोट

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर वाईट आहे. वेलांटी पहिली की दुसरी, हे मी दर वेळी थांबून स्वतःला विचारते आणि दर वेळी चुकीची देते. चौथी पास झाले तेव्हा बाईंनी आईला सांगितलं होतं, "पोरगी हुशार आहे, पण हिच्या शेजारी बसून बाकीच्यांचं अक्षर बिघडतंय." पुढे शाळा झाली नाही, तेव्हा अक्षर आहे तिथंच राहिलं. सून म्हणते, "आई, गावच्या नाताळ अंकासाठी तुमच्या बहरीनच्या फोटो स्टुडिओबद्दल लिहा ना. गल्फबद्दल सगळे नुसतं सोन्याचं लिहितात." मी म्हटलं, लिहीन, पण देईनच असं नाही. माझं नाव छापलेलं चार जणांनी बघितलं तर रविवारी मिस्साला कुठल्या दाराने जाऊ?

मी बहरीनला गेले ती एका शब्दाच्या घोटाळ्यामुळे. नवरा वारला होता, मुलगा लहान होता. आईचा चुलतभाऊ इनासमामा तिकडे मनामा शहरात, हूरा भागात फोटो स्टुडिओ चालवत होता. त्याच्या आईने आमच्या घरी येऊन सांगितलं, "इनासच्या दुकानात धुवायला माणूस पाहिजे. रेजिनला पाठवा." धुण्याचं काम म्हणजे माझ्या हातचं. मुलाला आईकडे ठेवलं, पेटीत साबणाच्या वड्या भरल्या आणि तिकडे चांगलं मिळणार नाही म्हणून कपडे बडवायचं लाकडी धोपटणंही घेतलं. विमानतळावरच्या अरब शिपायाने ते पेटीतून काढून उलटंसुलटं केलं, हवेत फिरवून बघितलं आणि साहेबाला बोलावलं. बाहेर उभ्या असलेल्या मामाला आत आणावं लागलं. मामाने धोपटण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अगो बाय, फोटो धुवायचेत, फोटो!"

फोटो तयार करायला 'धुणं' म्हणतात हे मला माहीतच नव्हतं. आमच्या गावात फोटो लग्नात काढत आणि ते थेट चौकटीतच येत. त्यांना कोणी धुतं असं कधी वाटलं नव्हतं. ते धोपटणं पुढे कित्येक वर्षं मामाने दुकानाच्या दाराला अडसर म्हणून वापरलं.

धुण्याचं काम म्हणजे अंधाऱ्या खोलीत लाल दिवा, तीन पसरट तसराळी आणि त्यातलं औषधाचं पाणी. कागद पहिल्या तसराळ्यात टाकून हलकेच हलवत राहायचं. मग पांढऱ्या कागदावर आधी केस येतात, मग डोळे, मग माणूस. मला ते दर वेळी नवीन वाटायचं. बहरीनचं नळाचं पाणी तेव्हा खारं होतं, त्यात फोटो धुतला की वाळल्यावर नवरदेवाच्या तोंडावर मिठाचे पांढरे डाग. म्हणून प्यायचं गोडं पाणी विकत आणून त्यात शेवटची धुलाई करायची. रोझमामी म्हणायची, "घरी चहाला पाणी नाय आणि ह्यांची गिऱ्हाइकं गोड्या पाण्यात पोहतायत."

एकदा मी दुकानात मागे बसून तांदूळ निवडत होते. मामा बराच वेळ बघत राहिला. "रेजिन, तू खडा डोळ्यांनी शोधतेस की बोटांनी?" मी म्हटलं, "माहीत नाही, तो आपला दिसतो." त्याच दिवसापासून त्याने मला निगेटिव्हवर बसवलं.

निगेटिव्ह म्हणजे उलटा माणूस. केस पांढरे, दात काळे. माणसाच्या तोंडावर मुरुम, तीळ, देवीचा वण असेल तर निगेटिव्हमध्ये तिथं पारदर्शक ठिपका दिसतो. काचेच्या तिरप्या पाटावर निगेटिव्ह ठेवायचं, खालून उजेड पाडायचा आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने तो ठिपका भरायचा. ठिपका भरला की फोटोत मुरुम गेला. आणि एखादी जागा काळी करायची असेल तर बारीक पात्याने खरवडायची. पण पेन्सिल पुसता येते, खरवडलेलं परत येत नाही.

हे काम माझ्या स्वभावाला बरोबर होतं. पडद्यामागे बसायचं, कोणाशी बोलायचं नाही. मी माणसांकडे बघून बोलू शकत नाही, अजूनही नाही. समोर कोणी आलं की माझी मान आपोआप खाली जाते. त्यामुळे दुकानात येणाऱ्यांची तोंडं मला फक्त उलट्या रंगात माहीत आणि सुलट्या रंगात माहीत ते त्यांचे पाय. चहा घेऊन बाहेर गेले की मी चपला ओळखायचे. "मामा, तो अंगठ्याला पट्टी बांधलेला परत आलाय." मामा म्हणायचा, "नाव सांग गो त्याचं!" नाव मला कुठून माहीत?

माझ्या हाताची तारीफ एवढी झाली की एकदा पोलिसात जायची वेळ आली. एका हॉटेलात केरळचा एक आचारी होता. पासपोर्टच्या फोटोसाठी आला. डाव्या गालावर चण्याएवढा काळा तीळ. मी तो असा भरला की आईलाही सापडला नसता. आठवड्याने आचारी हात हलवत दुकानात.

"मेरा तिल वापस दो!"

झालं होतं असं की त्याच्या कागदात ओळखीची खूण म्हणून तोच तीळ लिहिलेला. ऑफिसातला बाबू फोटो बघतो, कागद बघतो आणि म्हणतो, हा तू नव्हेसच. मामाने त्याला बसवलं, थंड पेय पाजलं आणि आत येऊन मला म्हणाला, "तीळ परत लाव." घाईघाईत तयार फोटोंवर शाईने मी सुंदर तीळ काढले. आचारी खूश होऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी पोलिसाचं नाव घेत आणखी मोठ्याने ओरडत आला. तीळ उजव्या गालावर होता. मला त्याचं तोंड निगेटिव्हच्या मागच्या बाजूने पाठ होतं, तिथं डावं ते उजवं दिसतं! ऑफिसातल्या बाबूने त्याला विचारलं म्हणे, "ये तिल रोज घूमता है क्या?"

त्या दिवशी मामाने पडदा बाजूला करून मला ठणकावून सांगितलं, "रेजिन, आजपासून मुरुम काढ, सुरकुत्या काढ, नवरीची काळी वर्तुळं काढ. पण ओळखीची खूण काढायची नाही. कोणी पैसे दिले तरी नाही. मी सांगितलं तरी नाही!"

हे वाक्य मी लक्षात ठेवलं. पुढे ते मामालाच महाग पडलं.

दुकानात एक कोट होता, काळा. पासपोर्ट फोटोला येणारा प्रत्येक जण तोच घालायचा. टायही एकच, गाठ शिवलेली, मागे इलॅस्टिक. बारीक माणसाला कोट मागून कपड्यांच्या चिमट्यांनी आवळायचा आणि जाड्या माणसाला बटण न लावता हात पोटावर ठेवायला सांगायचं. हा कोट टांगायला एक उंच लोखंडी खांब होता, वर दोन वाकडी बोटं असलेला. मला वाटायचं, कोट टांगायचीच वस्तू. पण तो होता माणसाला टांगायचा.

तो खांब मामाच्या पणजोबांचा, दुमिंग फोटोवाल्याचा. राणीच्या राज्यात, जेव्हा आमच्या भागात फोटो हा शब्दही नव्हता, तेव्हा दुमिंग एका इंग्रज साहेबाच्या बैलगाडीमागून कॅमेरा घेऊन हिंडायचा. साहेबाला मुलखातल्या सगळ्या जातीजमातींचे नमुने पाहिजे होते, एकेका धंद्याचा एकेक माणूस, खाली नाव लिहून. दुमिंगला पैसे नमुन्यावर मिळायचे. त्या काळी फोटो काचेवर निघायचा. काचेला औषध लावायचं, ओली असेपर्यंत फोटो काढायचा आणि ओली असेपर्यंतच धुवायचा, म्हणून शेतात तंबू ठोकून आत अंधार करायचा. आणि फोटो निघेपर्यंत माणसाने हलायचं नाही. हलला की दोन डोक्यांचा दिसतो. त्यासाठी हा खांब. त्याची वाकडी बोटं माणसाच्या मानेमागे लावायची आणि तो भीतीनेच गप्प बसायचा.

मामा हे सगळं गिऱ्हाइकांना ऐकवायचा. शेवटी नेहमी म्हणायचा, "साहेबाने विलायतेत पुस्तक छापलं. आत आमच्या पणजोबांचं नाव? मफी! नाहीच! साहेबाचं नाव सोन्यात." मग थोडा वेळ कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याशी उगाच चाळा करायचा.

पणजोबांच्या उरलेल्या काचा एका लाकडी पेटीत होत्या, प्रत्येक काच जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. गावच्या घराची वाटणी झाली तेव्हा भावांनी जमीन घेतली आणि मामाच्या वाट्याला ही पेटी, कॅमेरा आणि खांब आला. रोझमामी त्या पेटीला 'इस्टेट' म्हणायची. "आमची इस्टेट पुसून घे गो, धूळ बसलीय."

मग कॉलिन्ससाहेब आला. एका बांधकाम कंपनीत मोठा साहेब, जुफैरला राहायचा. उंच, लालबुंद, खूप मऊ मनाचा माणूस, पण ते कळायला वेळ लागायचा. त्याचा बाप हिंदुस्थानात नोकरीला होता, त्यामुळे लहानपणी नोकरांशी बोलायचं हिंदी त्याला येत होतं आणि तेवढंच येत होतं. त्याला प्रेमाने बोलायचं असलं तरी हुकूमच निघायचा. चहा आवडला तर कप खाली ठेवून गरजायचा, "शाबाश! ले जाओ!" निघताना मामीला म्हणायचा, "अच्छा! जाओ!" आणि जायचा तो स्वतः.

त्याने काचा बघितल्या आणि डोळे चमकले. कोळी, मीठवाला, ताडी काढणारा, लाकूडतोड्या, पाटील, जोशी, गारुडी, फकीर आणि असेच आणखी मिळून बारा नमुने होते. त्याला सगळ्यांचे मोठे फोटो पाहिजे होते, एका हॉटेलात प्रदर्शन भरवायला. दोनशे दिनार त्याने आगाऊ मोजले.

तेव्हा आमची स्थिती नाजूक होती. रंगीत फोटोंची दुकानं निघाली होती, काळापांढरा फोटो फक्त पासपोर्टवाले मागत. दुकानाचं भाडं चार महिने थकलं होतं. घरमालक अबू खालिद रोज येऊन कॉफी पिऊन जायचा आणि जाताना कुलपाला हात लावून बघायचा. दुकान गेलं असतं तर मामाचा व्हिसा गेला असता, माझाही, आणि गावाला मुलाच्या शाळेचे पैसे जायचे तेही. मामाने दोनशेचे दोनशे त्याच दिवशी अबू खालिदला दिले. "खलास?" अबू खालिदने विचारलं. "खलास," मामा म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी शीळ घातली.

मी काचा छापायला घेतल्या. कोळ्याचा फोटो पहिला. खांद्यावर जाळं, डोक्यावर टोपी, भरघोस मिशी. मग जोशी. शेंडी, पंचांग, मिशी नाही. मग फकीर, छातीभर दाढी. सगळे उघड्या पायांचे. तसराळ्यात कागद असा पडलेला असतो की माणसाचं डोकं पलीकडे आणि पाय माझ्याकडे. आणि मी, सांगितलं ना, आधी पायच बघते.

कोळ्याच्या डाव्या पायाला सहा बोटं होती. करंगळीच्या बाहेर आणखी एक, वाकडं, आल्याच्या कोंबासारखं. असतात काही लोकांना, मी पुढचा कागद टाकला. जोशाच्या डाव्या पायालाही सहा. मला वाटलं, परत कोळ्याचीच काच लागली की काय. फकिराला सहा. पाटलाला सहा. गारुड्याचा नाग नीट आला नव्हता पण बोट स्पष्ट आलं होतं.

बाराही ओले फोटो दोरीवर लावले आणि मामाला हाक मारली. मामाने आधी दाढ्या बघितल्या, मिशा बघितल्या. "बरे आलेत की." मी म्हटलं, "मामा, खाली बघा." तो दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून चालत गेला आणि तसाच खाली जमिनीवर बसला.

"बस्त्याव," तो म्हणाला.

बस्त्याव म्हणजे दुमिंगचा मेहुणा. घरच्या गोष्टीत तो नुसता सामान उचलायला सोबत जायचा. पण मामाच्या घरात एक बोलणं होतं, कोणी आळसात बसला की म्हातारी म्हणायची, "काय बस्त्याव होऊन बसलायस!" असं का म्हणतात ते कोणालाच माहीत नव्हतं. आता कळलं. गावातले लोक फोटोला तयार होईनात. कोणाला वाटे आयुष्य कमी होतं, आणि बहुतेकांना वाटे साहेबाने फोटो काढला की पुढच्या साली शेतसाऱ्याची पट्टी वाढते. नमुने मिळेनात आणि पैसे तर नमुन्यावर! तेव्हा दुमिंगने घरातला माणूस बसवला. न हलता बसणं हे एकच काम बस्त्याव जन्मभर मनापासून करत आला असणार. दुमिंगने त्याचं डोकं बारा वेळा बदललं. पायांकडे त्याचं लक्ष गेलं नाही. फोटोवाल्याचं जात नाही.

मामा आधी हसला, इतका हसला की मामी धावत आली. मग एकदम थांबला. "दोनशे दिनार," तो म्हणाला.

थोड्या वेळाने तो माझ्या पाटाजवळ येऊन उभा राहिला. आवाज गोड केला. "रेजिन, बाय माझी. खालची जमीन काळी आहे. पात्याने एकेक बोट खरवडलंस तर जमिनीत मिसळून जाईल. बारा बोटं. तुला काय, संध्याकाळपर्यंतचं काम."

मी पातं उचललं. कोळ्याची काच पाटावर ठेवली. खालून उजेड पडला आणि बस्त्याव उलट्या रंगात माझ्याकडे बघायला लागला, तोंड गंभीर, जाळं खांद्यावर. शंभर वर्षांत त्या बिचाऱ्याचं खरं असं एवढंच एक उरलं होतं. दाढी खोटी, मिशी खोटी, जाळं उसनं. मी पातं खाली ठेवलं.

"मामा, ही ओळखीची खूण आहे."

"अगो, पासपोर्ट काढायचाय का बस्त्यावला?"

"तुम्हीच म्हणालात. मी सांगितलं तरी नाही."

मामी दारातून म्हणाली, "बरोबर बोलली. आता तो गोरा आला की बसा दोघं बोटं मोजत."

साहेब आला. मामाने फोटो टेबलावर मांडले आणि इंग्रजीत पुष्कळ लांबून सुरुवात केली, राणीच्या राज्यापासून. साहेबाला काही कळेना. शेवटी मामाने नुसतं बोट ठेवलं. साहेबाने चष्मा लावला. एक फोटो, दुसरा, तिसरा. चौथ्यानंतर त्याचा लाल चेहरा जांभळा झाला असं मामी म्हणते. मला त्याचे बूट दिसत होते. ते एकदम ताठ झाले.

"एक आदमी?"

"एकच, साहेब. पण बसायचा फार छान."

"पैसा लाओ!" या वेळी तो खरोखरचाच हुकूम होता. हॉटेलात सांगून झालं होतं, मोठ्या लोकांना बोलावणं गेलं होतं. मामा म्हणाला पैसे खर्च झाले. साहेब म्हणाला मग पोलीस. मामीने क्रूस केला. मी पडद्याआड चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

मी बाहेर कशी आले ते मला माहीत नाही. आजवर कोणा गिऱ्हाइकाशी मी एक शब्द बोलले नव्हते. त्याच्या बुटांकडे बघत मी म्हटलं, "साब, आपका कंपनी में बहुत आदमी. सबको फोटो मंगता. इधर भेजो. पैसा उसमें काटो."

मामा माझ्याकडे असा बघत होता, जसं धोपटणंच बोललं असावं. बूट थोडे हलले, सैल पडले.

"शाबाश," साहेब म्हणाला. मग ट्रेवरचा कप उचलून, बऱ्याच वेळाने, "जाओ."

मी आत जाऊन तसराळ्यांशेजारी जमिनीवर बसले.

मग कंपनीचे कामगार यायला लागले. कोणाला व्हिसाला फोटो हवा, कोणाला रेसिडेंट कार्डाला. एका माणसाच्या फोटोंचा एक दिनार, आमच्या नावावरून कमी. बसमधून उतरायचे, तेलुगू, पठाण, मल्याळी, फिलिपिनो, आणि दाराबाहेर रांग लावायचे. कोट एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर, घामाने ओला. एक पठाण एवढा रुंद होता की कोटाची पाठीची शिवण उसवली. मामी म्हणाली, "राहू दे, पाठ फोटोत येत नाय." पुढे तो कोट मागून उघडाच राहिला, डॉक्टरच्या एप्रनसारखा, आणि सगळ्यांनाच बरोबर बसायला लागला. एका तेलुगू पोराने त्याच कोटातला फोटो गावाला पाठवला, तर तिकडून मुलीवाल्यांचा निरोप आला म्हणे, मुलगा साहेब दिसतो.

साहेब मधूनमधून बघायला यायचा. एकदा दोरीवर वाळत घातलेल्या फोटोंकडे बघत राहिला. वेगवेगळी तोंडं आणि सगळ्यांना तोच कोट, तीच टाय. मामा म्हणाला, "साहेब, माझ्या पणजोबांनी एका माणसाला बारा पोशाख घातले. मी शेकडो माणसांना एकच कोट घालतो. पुस्तकात ते खरे धरले, कार्डावर हे धरतात." हे साहेबाला कळायला थोडा वेळ लागला. मग तो हसला ते भिंतीला हात टेकवून. जाताना बस्त्यावचा जोशाच्या वेषातला फोटो मागून घेतला. त्याने तो जुफैरच्या घरी दिवाणखान्यात लावला आणि येणाऱ्या प्रत्येकाला बोटं मोजायला लावायचा, असं त्याचा ड्रायव्हर सांगायचा.

हॉटेलातलं प्रदर्शन काही झालं नाही. मला त्याचं थोडं वाईट वाटतं. दुमिंगचं नाव त्या निमित्ताने कुठेतरी लागलं असतं.

शेवटी सात दिनार राहिले आणि कंपनीत फोटो काढायचा राहिलेला एकही माणूस उरला नाही. मामा म्हणाला, रोख देतो. साहेब म्हणाला, "नहीं! हमारा फोटो निकालो. पुराना कॅमेरा."

मामाने पणजोबांचा लाकडी कॅमेरा काढला, त्यात आताची फिल्म कशीबशी बसवली. कोट खांबावरून काढला आणि खांब साहेबाच्या मागे आणून लोखंडी बोटं त्याच्या मानेला लावली. साहेब वळून काही बोलायला लागला.

"चुप बैठो!" मामा काळ्या फडक्याखालून गरजला. "हिलना मत!"

साहेब ताठ झाला. मामा फडक्याबाहेर आला, त्याने साहेबाकडे नीट बघितलं आणि मान हलवली. "असं नाही चालणार. नमुने उघड्या पायांचे असतात. जूते उतारो!"

मामी तोंडावर पदर धरून आत पळाली. साहेबाने मुकाट्याने बूट काढले, मोजे काढले. मी बाजूला उजेड परतवायचा चकचकीत पत्रा धरून उभी होते, मान खाली. दुधासारखे पांढरे पाय, कधी ऊन न लागलेले. एका पायाला पाच, दुसऱ्याला पाच. मामाने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. बरोबर आहेत.

फोटो धुऊन वाळेपर्यंत साहेब दुकानातच बसून राहिला. फोटो सुंदर निघाला. साहेबाच्या नाकावर एक मोठा फोड होता, मी त्याला हात लावला नाही. खाली दुमिंगच्या जुन्या नमुन्यांसारखं पांढऱ्या शाईने मामाने लिहिलं: नमुना तेरावा. इंग्रज. जुफैर. आणि कोपऱ्यात, इंग्रजी अक्षरांत, स्वतःचं नाव.

साहेबाने फोटो हातात घेऊन लांब धरला. "कितना?"

"सात दिनार," मामा म्हणाला.

साहेबाने खिशातून आमच्या हिशेबाचा कागद काढला, शेवटच्या आकड्यावर काट मारली आणि मामाच्या हातात दिला.

"खलास?" मामाने विचारलं.

"खलास," साहेब म्हणाला, आणि माझ्याकडे वळून, हुकूम न करता, हळूच, "शुक्रिया."

मी त्याच्या पायांकडे बघून मान हलवली. बूट घालायचे तो विसरला होता.